विषाची ओळख : मुंबईचा प्लेग आणि फुप्फुसांचे पहारेकरी

मुंबईच्या १८९६ सालच्या प्लेगाचें नांव निघालें म्हणजे मराठी वाचकांच्या मनांत जीं चित्रें उभीं राहतात, तीं बहुधा राजकीय असतात. घराघरांत शिरणारे गोरे शिपाई, २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास रँडसाहेबांवर झालेला गोळीबार, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला, आणि प्लेगाच्या रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले. हीं चित्रें खरीं आहेत आणि तीं विसरतां कामा नयेत. परंतु त्याच वर्षीं मुंबईंत आणखी एक प्रश्न विचारला जात होता, आणि त्याचा इतिहास आमच्याकडे फारसा सांगितला गेला नाहीं. जंतु माणसास मारतो तो कशानें? विषानें मारीत असेल, तर तें विष त्याच्या देहांत कोठें असतें? आणि तें विष फुप्फुसांत शिरलें असतां शरीरास त्याची चाहूल लागते कीं नाहीं? प्रश्न मुंबईंत ऐरणीवर आला. त्याचें नीटसें उत्तर मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. तें उत्तर हातीं आल्यावर मागें वळून पाहिलें, तर त्या वर्षांच्या राजकीय चित्रांकडेहि थोडें निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम त्या वेळच्या मुंबईकडे पाहूं. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनीं, मांडवींत फैलावलेला ताप हा गांठीचा प्लेग आहे, असें म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीस सांगितलें. त्यापूर्वीं कित्येक दिवस मांडवीच्या धान्याच्या वखारींतून उंदीर मरून पडत होते. माणसेंहि मरत होतीं. पण मृत्यूच्या नोंदींत साध्या तापाचें नांव पडे, आणि कारभार संथपणें चाले. व्यापाराचें शहर, प्लेगाचें नांव घेतलें तर परदेशचीं बंदरें मुंबईचा माल उतरूं देणार नाहींत, ही भीतिहि होतीच. मग एकदां नांव घेतलें गेल्यावर सगळें उलट झालें. ६ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला आणि रोग्यास सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार म्युनिसिपल कमिशनरांनीं हातीं घेतला. २९ ऑक्टोबरला सुमारें एक हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चांत जनरल गॅटेकर ह्यांच्या हाताखालीं प्लेग कमिटी नेमली गेली. घरें रिकामीं करणें, गटारें औषधी पाण्यानें धुणें, सामान जाळणें, वाटसरूंच्या काखा आणि जांघा तपासणें, हा क्रम चालूं झाला. लोक रोग्यास माळ्यावर आणि कोठारांत लपवूं लागले.

आणि लोक पळाले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती सव्वाआठ लक्षांच्या जवळपास होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकीं निम्म्याच्या आसपास माणसें शहर सोडून गेलीं होतीं. कोंकणांत आणि देशावर गेले ते गेलेच. पण ज्यांस पोटासाठीं शहराजवळ राहणें भाग होतें, त्यांच्या दृष्टीस माहीमच्या खाडीपलीकडील साष्टी पडली. आज ज्यांस आपण मुंबईचीं उपनगरें म्हणतों, तीं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं गांवें त्या वेळीं ठाणें जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांत होतीं. भाताचीं खाचरें, ताडांच्या रांगा, मिठागरें, आणि मधून मधून कोळी, आगरी, कुणबी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचीं गांवठाणें, असा तो मुलूख होता. पूर्वेकडून ठाण्यास जाणारी आगगाडी १८५३ पासून आणि पश्चिमेकडून वांद्रें-अंधेरी-बोरिवलीवरून जाणारी १८६७ पासून चालूं होती. पळणाऱ्यांस ह्याच दोन वाटा होत्या, आणि त्यांच्या बोचक्यांतून प्लेगाच्या पिसवांसहि त्याच वाटा मिळाल्या. वांद्र्यास रोग लवकरच पोंचला. तेथील ख्रिस्ती लोकांनीं संकट टळावें म्हणून रस्त्यांच्या कडेस क्रूस उभारले. त्यांतील पुष्कळ आजहि उभे आहेत, आणि त्यांजवरून रोज हजारों माणसें ते कां उभारले ह्याचा विचार न करतां जातात. १ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, आणि बोरिवली-मुलुंडापर्यंतचा टापू १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत आला. पण मोकळ्या हवेसाठीं शहराबाहेर राहावें हें मुंबईकराच्या मनांत ठसलें तें प्लेगाच्या धाकानें.

हवेचा हा धाक अगदींच निराधार नव्हता. गांठीचा प्लेग पिसवांच्या दंशानें होतो. परंतु त्या सांथींत आणखी एक रूप दिसून आलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील विकृतिशास्त्राचे अध्यापक डॉक्टर चाइल्ड ह्यांस शवविच्छेदनांत असे रोगी आढळूं लागले, कीं ज्यांच्या अंगावर गांठ मुळींच नव्हती. ते फुप्फुसदाहानें मेले असें नोंदलें गेलें होतें. पण त्यांचीं फुप्फुसें प्लेगाच्या जंतूंनीं भरलेलीं होतीं. जानेवारी १८९७ मध्यें जे. जे. इस्पितळांतील डॉक्टर मॅन्सर ह्यांस हाच रोग झाला. ते गेले, आणि मागोमाग त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाहि गेली. पिसूची मध्यस्थी नको, उंदीर नको. एका माणसाच्या खोकल्यांतून दुसऱ्याच्या श्वासांत, इतकाच प्रवास. चाइल्ड ह्यांनीं हा शोध १८९७ मध्येंच प्रसिद्ध केला. त्याची पुरी प्रचीति पुढल्या वर्षीं व्हिएन्नांत आली. ऑस्ट्रियाच्या संशोधकांनीं मुंबईहून नेलेल्या जंतूंपासून ऑक्टोबर १८९८ मध्यें प्रयोगशाळेच्या नोकरास फुप्फुसांचा प्लेग झाला. त्याजवर उपचार करणारे डॉक्टर हेर्मान म्युलर, जे स्वतः मुंबईंत प्लेगाचा अभ्यास करून आले होते, ते आणि एक परिचारिका, असे तिघेहि दगावले.

ह्या रोग्यांच्या बाबतींत एक गोष्ट वैद्यांस चमत्कारिक वाटे. साध्या फुप्फुसदाहांत शरीर झगडतांना दिसतें. फुप्फुसांच्या प्लेगांत आरंभीं जणूं कांहींच घडत नाहीं, आणि मग एकाएकीं ताप, धाप, रक्ताची थुंकी, आणि दोन-तीन दिवसांत अंत. औषध नसेल तर ह्यांतून रोगी उठणें जवळ जवळ अशक्यच. विष इतकें जबर, तर शरीर आरंभीं गप्प कां?

येथें आमच्या कथेंतील दोन पुरुष प्रवेश करतात. १८८८ मध्यें पॅरिस येथें एमिल रू आणि आलेक्सांद्र यर्सिन ह्यांनीं दाखविलें, कीं घटसर्पाचा जंतु एक विष बाहेर टाकतो. जंतु गाळून काढले तरी उरलेला रस जनावरास मारतो. जंतूंनीं बाहेर सोडलेल्या विषाचा हा पहिला स्पष्ट पुरावा. ह्याच यर्सिन ह्यांनीं १८९४ मध्यें हाँगकाँग येथें प्लेगाचा जंतु शोधून काढला, आणि आज तो जंतु त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. दुसरे पुरुष रिचर्ड फायफर. बर्लिन येथें कॉख ह्यांच्या हाताखालीं पटकीच्या जंतूवर काम करतांना त्यांस १८९२ च्या सुमारास दिसलें, कीं उष्णतेनें मारलेले जंतु टोंचले तरी गिनीपिग मरतात. म्हणजे विष जंतूच्या देहांतच गुंफलेलें आहे, आणि तें उष्णतेनें नाश पावत नाहीं. ह्या अंतर्विषास पुढें एंडोटॉक्सिन हें नांव रूढ झालें.

आश्चर्याची गोष्ट अशी, कीं बाह्यविष आणि अंतर्विष ह्या दोहोंचे शोधक १८९७ च्या मार्च महिन्यांत मुंबईंत होते. यर्सिन आपलें घोड्याच्या रक्तापासून केलेलें सीरम घेऊन आले होते; फायफर जर्मन प्लेग कमिशनचे सभासद म्हणून गाफ्की ह्यांच्यासह आले, आणि मे महिन्यांत स्वतः कॉख येऊन पोंचले. यर्सिन ह्यांच्या सीरमास मुंबईंत अपेक्षित यश आलें नाहीं. घटसर्पाचें विष जंतु बाहेर टाकतो, म्हणून त्याचें प्रतिविष करतां येतें. प्लेगाच्या जंतूचें पुष्कळसें विष त्याच्या देहाच्या आवरणांतच असतें, तेव्हां तोच डाव येथें साधणें अवघड होतें. यर्सिन परतले आणि त्यांचें काम सिमों ह्यांच्याकडे आलें. त्यांनीं १८९८ मध्यें कराचीस पिसूचा गुन्हा उघडकीस आणला.

वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं मात्र दोन्ही विषांस एकत्र धरलें. ऑक्टोबर १८९६ मध्यें ते मुंबईस आले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनीं जंतु वाढविले. त्या थेंबांपासून जंतूंच्या पारंब्या खालीं लोंबत. मग सगळा रस तापवून जंतु मारले. मेलेल्या जंतूंचे देह आणि रसांत उतरलेलें विष, दोन्ही टोंचावीं, म्हणजे रोग जडण्यापासून आणि जडला तर मृत्यूपासून, असें दुहेरी रक्षण होईल, हा त्यांचा तर्क. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा झाली. १८९९ मध्यें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत त्यांची प्रयोगशाळा आली. तिला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. गांठीच्या प्लेगापासून ह्या लसीनें पुष्कळांस वांचविलें. फुप्फुसांच्या प्लेगाविरुद्ध मात्र मारलेल्या जंतूंच्या लसींवर भरवसा ठेवतां आला नाहीं. फुप्फुसांतील कोडें तेथेंच राहिलें.

ह्या कोड्याची पहिली गांठ उंदरांनींच सोडविली. १९६० च्या दशकांत अमेरिकेंतील प्रयोगशाळांत पाळलेल्या उंदरांचा एक असा वंश लक्षांत आला, कीं फायफर ह्यांचें अंतर्विष कितीहि दिलें तरी त्यांस फारसें कांहीं होत नसे. इतर उंदरांस मारणारी मात्रा ह्यांस पचे. कोणासहि वाटावें, कीं हे उंदीर मोठे भाग्यवान. पण जिवंत जंतु टोंचले म्हणजे तेच उंदीर अगदीं थोड्या जंतूंनीं मरत. विषाची बाधा नाहीं म्हणून जे सुरक्षित दिसत, ते वास्तविक बहिरे होते. शत्रु दारीं आल्याची हांक त्यांस ऐकूंच येत नव्हती. ह्यावरून अंतर्विषाचें खरें स्वरूप उघड होऊं लागलें. तें सोमलाप्रमाणें स्वतः पेशी जाळीत नाहीं. माणसाच्या शरीराच्या दर किलो वजनास कांहीं नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांच्या हिशेबानें तें रक्तांत गेलें तरी ताप भरतो. पण हा ताप, हा दाह, रक्तदाब उतरणें, हें सारें शरीराचें स्वतःचें कृत्य आहे. विष ही केवळ वर्दी आहे; जाळपोळ होते ती घरच्याच फौजेकडून.

ही वर्दी घेतो कोण? १९८९ मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे ह्यांनीं असा विचार मांडला, कीं शरीरांत कांहीं जन्मजात ग्राहक असले पाहिजेत, आणि जंतूंच्या अंगीं असणाऱ्या पण आपल्या अंगीं कधींहि नसणाऱ्या खुणा ते ओळखीत असले पाहिजेत. १९९६ मध्यें फ्रान्सांत ज्यूल हॉफमन ह्यांच्या मंडळीनें फळांवरील माशींत टोल नांवाचें जनुक बुरशीपासून रक्षण करतें असें दाखविलें. १९९८ मध्यें ब्रूस बॉयटलर ह्यांच्या मंडळीनें त्या बहिऱ्या उंदरांतील बिघडलेलें जनुक शोधून काढलें, तों तें टोलच्याच कुळांतलें निघालें. त्यास टोल-सदृश ग्राहक क्रमांक ४ म्हणतात. हॉफमन आणि बॉयटलर ह्यांस २०११ च्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. फायफर ह्यांच्या प्रयोगास तेव्हां जवळ जवळ १२० वर्षें होत आलीं होतीं.

फुप्फुसांतील व्यवस्था आतां अशी सांगतां येते. नाकापासून सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंत चिकट बुळबुळीत थर आणि हालणारे केस कचरा वर लोटीत असतात. त्यांतूनहि जो जंतु निसटून वायुकोशांत उतरतो, त्यास तेथें गस्त घालणारी भक्षक पेशी भेटते. प्लेग, पटकी, विषमज्वर ह्यांसारख्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणांत मेद आणि शर्करा ह्यांचा एक संयुक्त रेणु असतो. हेंच फायफर ह्यांचें अंतर्विष. त्याच्या बुडाशीं मेदाम्लांच्या शेपट्या असतात, बहुतेक जंतूंत सहा. भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर टोल-४ ह्या ग्राहकाशेजारीं एक खिसा असलेलें प्रथिन असतें. सहांपैकीं पांच शेपट्या त्या खिशांत बसतात आणि सहावी बाहेर राहून शेजारच्या दुसऱ्या ग्राहकास ओढून घेते. दोन ग्राहक जुळले म्हणजे पेशीच्या आंत निरोप जातो, ती संदेशवाहक द्रव्यें सोडते, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, आणि रक्तांतील श्वेतपेशी घटका-दोन घटकांत धांवून येऊं लागतात. कुलूप आणि किल्ली म्हणतों, तसाच हा प्रकार. फक्त येथें किल्लीला सहा दांते हवेत.

दारावरच्या ह्या पहाऱ्याखेरीज घरांतहि पहारे आहेत. एखाद्या जंतूचें अंतर्विष पेशीच्या आंतल्या रसांत शिरलें, तर तेथें वाट पाहणारीं कांहीं प्रथिनें त्यास सरळ जाऊन चिकटतात आणि पेशीस फोडून जाहीर बोंब ठोकतात. हें २०११ ते २०१४ ह्या काळांत स्पष्ट झालें. बाहेर टाकलेल्या विषांसाठीं तर ह्याहून चतुर योजना आहे. अशीं विषें असंख्य प्रकारचीं असतात. प्रत्येकाची ओळख ठेवणें अशक्य. म्हणून पायरिन नांवाचें प्रथिन विष कोणतें हें पाहतच नाहीं. भक्षक पेशीचा सांगाडा हलता ठेवणारें जें अंतर्गत यंत्र आहे, तें बंद पडलें कीं पायरिन जागें होतें. चोराचा चेहरा ओळखावयाचा नाहीं. घड्याळ बंद पडलें कीं ओरडावयाचें. हें २०१४ मध्यें चिनी शास्त्रज्ञांनीं दाखविलें.

इतके पहारे असतां प्लेगाचा जंतु फुप्फुसांत शिरतो कसा? उत्तर त्याच्या शेपट्यांत आहे. पिसूच्या पोटांतील थंडाव्यांत, पंचवीस अंशांच्या आसपास, ह्या जंतूच्या अंतर्विषास बऱ्याच ठिकाणीं सहा शेपट्या असतात. माणसाच्या रक्ताच्या सदतीस अंशांत वाढूं लागला कीं तो त्यांतल्या दोन कमी करतो, चारच ठेवतो. चार शेपट्यांनीं ग्राहकांची जोडी जुळत नाहीं. कुलूप लागलेलेंच राहतें आणि पहारेकऱ्यास वाटतें, कोणी आलेंच नाहीं. २००६ मध्यें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनीं ह्याची उलटी परीक्षा घेतली. दुसऱ्या जंतूचें एक जनुक प्लेगाच्या जंतूंत घालून त्यास सदतीस अंशांतहि सहा शेपट्या बाळगावयास लाविलें. तो जंतु इतर बाबतींत पूर्वीसारखाच होता. पण उंदीर त्यानें मरेनात. आणि ज्या उंदरांत टोल-४ नव्हता, ते मात्र त्याच जंतूनें मेले. जंतूचें बळ विषाच्या जोरांत नसून विषाची खूण लपविण्यांत होतें, ह्याहून सरळ पुरावा तो कोणता असावा?

त्याच्या आदल्या वर्षीं, २००५ मध्यें, फुप्फुसांच्या प्लेगाचा उंदरांतील क्रम तासातासानें तपासला गेला होता. पहिले छत्तीस तास जंतु वाढत असतात, पण दाहाचें चिन्ह जवळ जवळ नसतें. पहारेकऱ्यांस झोंपविण्यासाठीं जंतु सुईसारख्या नळ्यांनीं भक्षक पेशींत आपलीं प्रथिनेंहि टोंचीत असतो. अठ्ठेचाळीस तासांच्या सुमारास मग सगळें एकदम फुटतें. संदेशवाहक द्रव्यांचा पूर येतो, श्वेतपेशी लोटतात, आणि त्या पुरांत फुप्फुसच बुडतें. चाइल्ड ह्यांनीं १८९७ मध्यें शवांत जें पाहिलें, तो ह्या नाटकाचा शेवटचा अंक होता. पहिला अंक मुका असल्यामुळें कोणासच दिसला नव्हता. रोग्याच्या खोकल्यांतून आलेला जंतु पिसूकडून आलेल्याहून अधिक घातक कां, ह्याचेंहि एक कारण ह्यांतून सुचतें. पिसूकडून आलेल्यास वेष पालटण्यास थोडा वेळ लागतो. खोकल्यांतून आलेला माणसाच्या उष्णतेंत वाढलेला, म्हणजे वेष पालटूनच आलेला असतो.

शहर आणि शरीर ह्यांची तुलना कवीस सोपी, इतिहास लिहिणाऱ्यानें ती जपून करावी, हें आम्ही जाणतों. शहरांतील माणसें पेशी नव्हेत. त्यांस मन आहे, हक्क आहेत, अपमान समजतो. तरीहि १८९६-९७ सालचा कालक्रम वर दिलेल्या तासांशेजारीं ठेवून पाहावा. आरंभीं खुणा होत्या आणि त्या वाचल्या गेल्या नाहींत. वखारींत पडणारे उंदीर ही ती खूण. उंदीर पडूं लागले म्हणजे घर सोडावें, ही समजूत आपल्या देशांत कित्येक ठिकाणच्या खेडुतांस होती. कारभाराच्या शास्त्रांत मात्र तिला जागा नव्हती. उंदीर आणि पिसवा ह्यांचा प्लेगाशीं खरा संबंध काय, ह्याची परळ येथें पद्धतशीर तपासणी १९०५ च्या कमिशनपासून झाली, तोंपर्यंत देशांत लाखों माणसें मेलीं होतीं. खूण वाचण्यास झालेला उशीर मग जबरदस्तीनें भरून काढण्याचा प्रयत्न झाला. ती जबरदस्ती रोगावर न पडतां रोग्यांवर पडली, लोकांनीं रोगी लपविले, आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेग साष्टींतून देशभर गेला. आरंभीं मौन आणि नंतर अतिरेक, हा क्रम दोन्हीकडे घातक ठरला; आणि अतिरेक हा मौनाचा उतारा नसून त्याचेंच फळ होतें.

पुढल्या शतकांत औषधें आलीं. १९४० च्या आसपास हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें सोखी, वागळे, दीक्षित आणि गणपति ह्यांनीं सल्फा औषधांचा प्लेगावर प्रयोग केला. मग स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन आलीं. प्लेग विस्मृतींत गेला. १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं उंदीर पडले, आणि गांठीच्या तापाचे रोगी दिसूं लागले. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसांच्या प्लेगानें पन्नासांवर माणसें मेलीं. सुरतेहून कांहीं लक्ष लोक पळाले. ह्या वेळीं लोंढ्याची दिशा उलटी होती. शतकापूर्वीं मुंबईहून उत्तरेकडे गेलेल्या त्याच लोहमार्गानें तो मुंबईकडे आला, आणि शहराचीं पहिलीं दारें बोरिवली आणि अंधेरी हीं होतीं. महामुंबईंत १८९६ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. त्याचें श्रेय औषधांस आहे. पण औषध लागू पडतें तें लक्षणें दिसल्यापासून साधारण चोवीस तासांच्या आंत दिलें तर. म्हणजे चाहूल लवकर लागणें हाच अजूनहि खरा उपाय.

आणि १३ मार्च २०२० रोजीं १८९७ चा तोच कायदा महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला. तो रोग विषाणूचा, जंतूचा नव्हे. पण गोरेगांव आणि मुलुंड येथें उभारलेल्या तात्पुरत्या विशाल इस्पितळांतून डॉक्टरांस पुन्हां तोच प्रश्न भेटला, कीं रोगी विषाणूनें मरतो कीं शरीराच्या अतिरेकी दाहानें? जून २०२० मध्यें डेक्सामेथासोन हें जुनें, स्वस्त औषध गंभीर रोग्यांस वांचवितें असें सिद्ध झालें. तें विषाणूस मारीत नाहीं; शरीराच्या फौजेस आवरतें. आणि तेंच औषध प्राणवायूची गरज नसलेल्यांस दिलें, तर लाभ होत नाहीं. आरंभीं पहारा जागा हवा, शेवटीं त्यास लगाम हवा.

साष्टीच्या खाचरांवर आज कोट्यवधि माणसें दाटीनें राहतात, आणि तीं जो श्वास घेतात तो एकमेकांचाच असतो. ह्या वस्तीचें रक्षण मोठ्या इस्पितळांनीं होईल तितकेंच लहान खुणांनीं होईल: पडलेल्या उंदराची वर्दी देणारा झाडूवाला, दोन आठवडे न थांबणारा खोकला लिहून ठेवणारी आरोग्यसेविका, आणि गांठ नसलेल्या प्रेतांतहि प्लेग शोधणारा एखादा चाइल्ड. ह्या माणसांनीं सांगितलेलें ऐकलें जाईल, आणि सांगणाऱ्याच्या घरावर शिपाई चालून येणार नाहींत, एवढी खात्री त्यांस असली पाहिजे. व्हिएगस ह्यांचें म्हणणें समितीनें ऐकलें तेव्हां सप्टेंबर सरत आला होता. तें कांहीं आठवडे आधीं कोणी म्हणूं शकलें असतें, तर वांद्र्याचे क्रूस कदाचित् इतके झाले नसते.